दोन्ही जावई कॉम्प्युटरवाले

जळगाव,
१२ जानेवारी १९९८

ती. पितांबरभाऊसाहेब यांना
लीलाधरचा आणि कुंदाचा नमस्कार. पुष्पाअक्कांना आणि आपल्या आईंनाही सांगावा.

आपण पहूरचे मोठे जावई आणि या विषयातलेही मोठे, म्हणून दुसऱ्या कुणाला न विचारता आधी आपल्यालाच लिहितो आहे. केळी सोसायटीत मला कॉम्प्युटरवर घेतलं त्याला अकरा महिने झाले. अजून हंगामीच आहे. दिवाळीनंतर पुण्याहून एक इंजिनियर आले आणि मशीनवरचं डॉस काढून लिनक्स टाकून गेले. आपल्या गिरणीत युनिक्स आहे ना, त्याच्याच जातीची ही सिस्टीम, फक्त फुकट मिळते. आमचे चेअरमन मोतीलालभाऊ 'फुकट' एवढं ऐकूनच खूश झाले. आता एका मशीनवर दोन कामं एकाच वेळी चालतात. फाटकाजवळच्या वजनकाट्यावर ट्रक चढला की वजन वायरीतून थेट मशीनमध्ये येतं. आणि मशीनच्या पोटात मोडेमचं कार्ड आहे, त्यावरून दिल्लीच्या अडत्याला फोन लावून केळीचे भाव उतरवून घ्यायचे.

अडचण या मोडेमची आहे. फोन लागतो, शिट्टी ऐकू येते, भावाच्या चार ओळी येतात आणि सगळं गप्प होतं. कधी दहा मिनिटं नीट चालतं, कधी दहा सेकंदही नाही. डॉसवर हेच कार्ड बिनतक्रार चालत होतं. पुण्याचे साहेब फोनवर म्हणाले, ड्रायव्हर बघा. ड्रायव्हर म्हणजे कार्डाशी बोलणारा सिस्टीमचा प्रोग्रॅम, एवढं मला कळतं, पण त्यात काय बघायचं ते कळत नाही.

३१ मार्चला संचालक मंडळाची बैठक आहे आणि मला कायम करायचं की नाही ते त्यात ठरेल. भाव रोज अकराच्या आत आले पाहिजेत, नाहीतर तुझा आणि त्या पेटीचा उपयोग काय, असं मोतीलालभाऊंनी तोंडावर सांगितलं आहे. कायम झालो नाही तर साक्रीकडे गावी परत जाणं आलं, आणि कुंदाचं डी. एड. पहिल्या वर्षातच सुटेल. तिला हे अजून सांगितलेलं नाही. सवडीने पण लवकर लिहावं.

आपला,
लीलाधर

धुळे,
२० जानेवारी १९९८

लीलाधरराव यांस
पितांबरचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. मलाच विचारलंत हे बरं केलंत. पहूरला सासूबाई हल्ली येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात म्हणे, 'आमचे दोन्ही जावई कॉम्प्युटरवाले.' पुष्पाने मला हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. ऐकून गंमत वाटली. सन एकोणनव्वदला गिरणीत युनिक्सचं मशीन आलं तेव्हा तुम्ही बारावीची गाइडं पाठ करत असाल. आठ टर्मिनल आणि एक मोडेम, सगळं मी एकट्याने उभं केलं. तेव्हा आपले सासरे कौतिकनाना खास पहूरहून ते बघायला आले होते आणि चपला बाहेर काढून आत शिरले होते. असो, जुन्या गोष्टी.

तुमचं मोडेम आत कार्डावर आहे म्हणता, म्हणजे स्वस्तातलं. माझं बाहेर पेटीत आहे आणि पेटीवर दिवे आहेत. दिवे बघून मी रोग ओळखतो. तुम्हाला दिवेच नाहीत तर तुम्ही काय ओळखणार. पण तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मला इथे बसून कळलं आहे. ड्रायव्हर वगैरे काही नाही, अर्थिंग खराब आहे. ऑफिसमागे अर्थिंगचा खड्डा असेल, तो उकरून त्यात मीठ आणि कोळसा घाला आणि रोज सकाळी दोन बादल्या पाणी ओता. दुसरं, फोनची लाइन चेअरमनच्या केबिनमध्ये पॅरलल गेली असेल, ती तोडा. शिपायाने केबिनमध्ये नुसता रिसीव्हर उचलला तरी मोडेमचा जीव जातो.

फुकटच्या सिस्टीमबद्दल माझं मत विचारू नका. गावभर विचारत बसू नका, चार डोक्यांनी घोळ होतो. मी आहे.

पितांबर

जळगाव,
४ फेब्रुवारी १९९८

ती. भाऊसाहेब यांना नमस्कार.

आपण लिहिल्याप्रमाणे सगळं केलं. खड्डा उकरला, पाच किलो खडे मीठ आणि पोतंभर कोळसा घातला, बारा दिवस रोज स्वतः पाणी ओततो आहे. आमचा शिपाई हिलाल विचारतो, साहेब, इथे केळीचं खोड लावताय का. मोतीलालभाऊंच्या केबिनमधला फोनही तोडला. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. ते मुका रिसीव्हर कानाला लावून पाच मिनिटं हॅलो हॅलो करत राहिले आणि मग बाहेर येऊन माझ्यावर जे बोलले ते इथे लिहीत नाही. फोन पुन्हा जोडला.

मोडेम जसंच्या तसं आहे. एक गोष्ट मात्र कुंदाने पकडली. ती मला डबा द्यायला दीडच्या सुमारास येते. म्हणाली, मी येते तेव्हा तुमचं मोडेम नेहमी नीट चालत असतं, तुम्ही उगाच रडता. मी आठ दिवस टिपून ठेवलं. खरंच, एक ते दोनच्या सुट्टीत एकदाही अडकलं नाही. याचा अर्थ काय असावा?

दुसरं विचारायचं म्हणजे, इथल्या पॉलिटेक्निकमध्ये प्रमिला मॅडम म्हणून आहेत, त्या मुलांना युनिक्स शिकवतात. कुंदाच्या मैत्रिणीच्या ओळखीच्या आहेत. त्यांना एकदा मशीन दाखवलं तर चालेल का? आपली परवानगी असेल तरच.

आपला,
लीलाधर

धुळे,
११ फेब्रुवारी १९९८

लीलाधरराव,

परवानगी कसली मागता. दाखवा ना, खुशाल दाखवा. त्या मॅडम येतील, जाडं पुस्तक उघडतील, दोन इंग्रजी शब्द सांगतील आणि उद्या पहूरला बातमी जाईल की पितांबररावांना जमलं नाही ते एका बाईने पाच मिनिटांत केलं. मग सासूबाई मला वाढताना काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. नऊ वर्षं मी हे करतो आहे. मला एक महिना तरी द्याल की नाही?

दुपारी चालतं याचा अर्थ सरळ आहे. जेवणाच्या वेळी लोक फोन कमी करतात, एक्स्चेंजवरचा भार उतरतो. म्हणजे रोग लाइनचाच आहे, मी म्हणत होतो तेच खरं. आता मोडेमचा वेग निम्म्यावर आणा. ऑफिसच्या खांबापासून मशीनपर्यंतची तार बदला, तांब्याची घ्या. ड्रायव्हर जसा आहे तसा राहू द्या, त्याला हात लावलात तर मशीन उठायचं नाही आणि मग मला नाव ठेवू नका.

कुंदाला सांगा, डबा द्यायला येते तर डबा द्यावा. मशीनचं निदान करू नये.

पितांबर

जळगाव,
२६ फेब्रुवारी १९९८

ती. भाऊसाहेब यांना
साष्टांग नमस्कार.

कळवायला आनंद होतो की मोडेम सुरू झालं. आता रोज साडेदहाला भाव उतरतात आणि एकदाही अडकत नाही. हा सगळा आपल्या पत्रांचाच गुण आहे. आपण वाट दाखवलीत म्हणून मी इथवर आलो, एरवी मला यातलं काय कळतं. मॅडमना विचारण्याची गरज पडली नाही. आपले हे उपकार मी आणि कुंदा विसरणार नाही.

आपला,
लीलाधर

धुळे,
५ मार्च १९९८

प्रिय लीलाधरराव,

तुमचं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. मी पुष्पाला म्हणालोच होतो, तार आणि वेग, दुसरं काही असणार नाही. पत्र खिशात घेऊनच दोंडाईच्याच्या लग्नाला गेलो होतो. तुम्ही दोघं यायला हवं होतं. पंगतीत कौतिकनाना होते, सासूबाई होत्या, पहूरचे चार-पाच लोक होते. नानांनीच विचारलं की जळगावचं मशीन बिघडलं होतं म्हणे. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मोठ्याने वाचलं. 'एरवी मला यातलं काय कळतं' हे वाक्य तर दोनदा वाचलं. मग म्हणाले, पितांबरराव पोस्टाने मशीन दुरुस्त करतात. सगळी पंगत हसली. सासूबाईंनी मला आग्रह करून आणखी दोन पुरणपोळ्या वाढल्या. फार दिवसांनी असं जेवलो.

मनात काही ठेवू नका, मी मोठा आहे, तुमचं चांगलंच बघणार. तुमच्या मोतीलालभाऊंची आणि माझी जुनी ओळख आहे, ते सरकीचं बोलायला गिरणीत यायचे. त्यांच्याशीही बोलणं होईल. कायम होण्याची काळजी सोडा.

पितांबर

जळगाव,
६ एप्रिल १९९८

भाऊसाहेब,

बोलणं झालं ते कळलं.

३१ तारखेला मला मंडळाच्या बैठकीत बोलावलं. मोतीलालभाऊंच्या समोर फाइल उघडी होती आणि त्यात माझं २६ फेब्रुवारीचं पत्र होतं, माझ्याच अक्षरातलं, वर आपलं पत्र टाचलेलं. आपलं पत्रही मला वाचायला दिलं. 'तुमचा माणूस प्रामाणिक आहे, सांगितलेलं करतो, पण त्याला विषयाची समज नाही हे तो स्वतःच लिहितो.' मोतीलालभाऊ म्हणाले, सांगकाम्याला कायम करून काय करू, सांगणाऱ्यालाच बोलावतो. मला मेअखेरपर्यंत ठेवलं आहे. सावद्याच्या आणि आणखी दोन शाखांच्या मशीनचं काम आपल्याला द्यायचं ठरलं. आपल्याला कळलं असेलच.

मी सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, अक्षर तुझंच ना? अक्षर माझंच होतं.

आता खरं ऐका. मोडेम १० फेब्रुवारीला सुरू झालं. तुमचं तार बदला आणि वेग कमी करा हे पत्र तेव्हा लिहूनही झालं नव्हतं. ९ तारखेला वजनमापवाले काट्यावर वर्षाचा शिक्का मारायला आले, काटा दिवसभर बंद होता. त्या दिवशी मोडेम सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकदाही अडकलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिला ट्रक काट्यावर चढला आणि भाव जागच्या जागी थांबले. मी खिडकीतून बघत होतो. ट्रक उतरला, पुन्हा फोन लावला, चाललं. दुसरा ट्रक चढला, बंद. दुपारी एक ते दोन काट्यावरचे लोक जेवतात, म्हणून कुंदा येते तेव्हा मोडेम चालायचं. एक्स्चेंजचा काही संबंध नव्हता.

मशीनमध्ये प्रत्येक जोडणीला सिस्टीमला हाक मारायचा एक नंबर असतो. काट्याचा नंबर चार आणि मोडेमच्या कार्डाचाही चार. डॉसवर एका वेळी एकच काम चालायचं, म्हणून दोघांचं भांडण कधी दिसलंच नाही. इथे दोघं एकदम हाक मारतात आणि सिस्टीम गोंधळते. कार्ड काढलं, त्यावरच्या जंपरची, म्हणजे नंबर ठरवणाऱ्या पिनांवरची, टोपी चारवरून पाचवर सरकवली. एवढंच.

मग सोळा दिवस थांबलो. तुमची तार विकत आणली, बदलली, आणि त्यानंतर तुमच्या पत्राचा गुण म्हणून लिहिलं. आपल्यात मोठ्या साडूला असंच लिहितात. तुम्ही आमच्या लग्नात माझ्या बाजूने बोललात, नानांना राजी केलंत, तो मान ठेवून लिहिलं. मानाने लिहिलेलं वाक्य कुणी पुरावा म्हणून टाचणी लावून पाठवेल असं मला वाटलं नव्हतं. कुंदाला मी काल सांगितलं. पुढच्या वर्षीच्या पुस्तकांची यादी केली होती ती तिने वहीतून काढून ठेवली.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, आम्ही पहूरला येणार नाही. मानाचा पाट तुमचाच आहे, बसा.

लीलाधर

धुळे,
१८ एप्रिल १९९८

लीलाधरराव,

तुमचं पत्र आलं त्याला आठ दिवस झाले. चारदा उत्तर लिहायला बसलो. पहिल्या तीन वेळी तुम्हालाच दोष दिला आणि कागद फाडले.

मी तुमचं पत्र पाठवलं हे खरं. वाईट व्हावं म्हणून पाठवलं नाही. चांगलं व्हावं म्हणूनही पाठवलं नाही. मोतीलालभाऊंना कळावं की हे काम कुणी केलं, एवढंच मनात होतं. तुम्हाला कायम करणार नाहीत असा विचार मी केला नव्हता. विचार केला असता तर पाठवलं नसतं, असं आज लिहावंसं वाटतं, पण छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

तुम्ही सगळं खरं लिहिलंत म्हणून मीही लिहितो. गिरणीची एक पाळी बंद झाली आहे. आठ टर्मिनलांपैकी तीन उरली, बाकीची गोदामात पडली आहेत. मोडेमची पेटी दिवाळीपासून बंद आहे, तिच्यावरचे दिवे मी उगाच तुम्हाला दाखवले. पहूरला कुणाला हे माहीत नाही, पुष्पालाही अर्धंच माहीत आहे. आणि अशात सासूबाई म्हणतात दोन्ही जावई. तो 'दोन्ही' शब्द मला रात्रंदिवस टोचत होता. नऊ वर्षं मी एकटा होतो हो. तुम्ही आलात आणि माझं जे होतं ते निम्मं झालं, आणि तुमचं मशीन नवं, माझं भंगारात चाललेलं. मला तुमचा हेवा वाटला. अजून वाटतो.

आईने मला पत्र लिहिताना बघितलं. म्हणाली, "तुना पोटमा काबर दुखस रे? तो बी आपलाच शे ना." मी म्हणालो, माझ्या पोटात कशाला दुखेल, तू जाऊन झोप.

पण शाखांचं काम मी सोडू शकत नाही. गिरणी बंद पडली तर माझ्या हातात दुसरं काही नाही. मे महिन्यात सावद्याला जाणार आहे. तुम्ही लिहिलंत ते मला उपयोगी पडेल, हे लिहायलाही लाज वाटते.

पितांबर

सावदा,
१४ मे १९९८

लीलाधरराव,

सोमवारपासून इथे आहे. गिरणीतून रजा टाकून आलो. पत्र्याची खोली आहे, कूलरमधलं पाणी दहा वाजताच चहाइतकं तापतं. मशीन तुमच्यासारखंच, सिस्टीम तीच, कार्ड तेच, आणि बाहेर वजनकाटाही आहे. पुण्याच्या त्याच साहेबांनी सगळं बसवलं. रोगही अगदी तोच. ट्रक चढला की भाव बंद.

तुम्ही लिहिलं होतं तसं कार्ड काढलं, टोपी चारवरून पाचवर सरकवली. मशीन चालू केलं. आधी मोडेम निदान दोन-चार मिनिटं बोलायचं, आता एक अक्षर बोलत नाही. फोनसुद्धा लावत नाही. टोपी परत चारवर नेली की पहिल्यासारखं. पाचवर नेली की मेलं. चार दिवस मी हेच करतो आहे. कार्डाचे पाय घासून पातळ झाले असतील. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणीसुद्धा ओतलं, तुम्हाला हसायचं असेल तर हसा.

इथल्या व्यवस्थापकाने काल विचारलं की साहेब, धुळ्याहून पत्र लिहून केलं होतं तसं करता येणार नाही का. चेष्टा करत होता की मनापासून विचारत होता ते कळलं नाही. सोमवारी २५ तारखेला मोतीलालभाऊ सगळ्या संचालकांना घेऊन बघायला येणार आहेत.

तुम्हाला फोन करावा म्हटलं तर तो मोतीलालभाऊंच्या केबिनमध्ये वाजतो. जळगाव इथून बसने दोन तासही नाही, पण तुमच्या दारात उभं राहायचा धीर होत नाही. आखाजीला पाटावर बसलो होतो. शेजारी तुमचा पाट मांडलेला होता, सासूबाईंनी तो उचलला नाही. खीर वाटीतच ठेवून उठलो.

माझं काय चुकतंय? तुम्हाला माहीत असलं तर सांगा. नाही सांगितलंत तरी माझी तक्रार नाही.

पितांबर

जळगाव,
१८ मे १९९८

भाऊसाहेब,

तुमचं काही चुकत नाही. मी तुम्हाला पूर्ण सांगितलं नव्हतं.

टोपी पाचवर नेली तेव्हा माझंही मोडेम असंच मुकं झालं होतं. कार्ड पाच नंबरवर हाक मारतं, पण ड्रायव्हर अजून चारवरच कान देऊन बसलेला असतो. त्याला कुणी कळवलेलंच नसतं. तुम्हाला वाटतं सिस्टीम आपणहून बघेल, पण ती बघत नाही. मशीन चालू होताना जी फाइल वाचली जाते तिच्या शेवटी एक ओळ घालावी लागते, की या कार्डाचा नंबर आता पाच आहे. ती ओळ शोधायला मला त्या दिवशी रात्र होईपर्यंत बसावं लागलं.

एप्रिलच्या पत्रात 'एवढंच' असं लिहिलं तेव्हा पुढची ओळ माझ्या पेनाच्या टोकावर होती. मी ती मुद्दाम लिहिली नाही. शाखांचं काम तुम्हाला मिळालंय हे त्याच आठवड्यात कळलं होतं. मनात म्हटलं, जाऊ दे यांना सावद्याला, बसू दे चार दिवस सगळ्यांसमोर. मला ते चित्र डोळ्यापुढे आणून बरं वाटायचं. दीड महिना मी त्या एका ओळीवर जगलो. तुमचं परवाचं पत्र आलं तेव्हा आधी मला आनंदच झाला, हे तुमच्यापासून कशाला लपवू. कुंदाला वाचून दाखवलं. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "अक्काचा नवरा उन्हात बसलाय आणि तुम्ही हसताय. अर्धं शिकवून मजा बघणारा असा मास्तर नवरा मला नको." आणि आत गेली. अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

सोबतच्या चिठ्ठीवर ती ओळ इंग्रजीत लिहिली आहे. अक्षर न अक्षर तशीच टाइप करा, मशीन एकदा बंद करून चालू करा. चालेल. सोमवारी मोतीलालभाऊंना दाखवा. माझं काही म्हणणं नाही. ३१ तारखेला मी इथून मोकळा होईन, खोलीमालकाला सांगून ठेवलं आहे. गावी भाऊ म्हणतो, येतोस तर ये, पण कॉम्प्युटरचं डोकं घेऊन येऊ नको.

लीलाधर

सावदा,
२१ मे १९९८

लीलाधरराव,

पत्र काल दुपारी मिळालं. वाचून आधी तुम्हाला शिव्या दिल्या, मोठ्याने दिल्या. बाहेर व्यवस्थापकाला वाटलं मशीनला देतोय.

मग चिठ्ठीवरची ओळ टाइप केली, मशीन बंद करून चालू केलं आणि दिल्लीला फोन लावला. काट्यावर तेव्हा ट्रक उभा होता. तो उतरला, दुसरा चढला, आणि भाव शेवटच्या ओळीपर्यंत सरळ उतरले. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. इतका आनंद मला एकोणनव्वदनंतर झाला नव्हता. सोमवारी संचालक येतील, मोतीलालभाऊ पाठ थोपटतील, बुधवारपर्यंत बातमी पहूरला पोचेल, सासूबाई काय म्हणतील, सगळं मला दिसायला लागलं. अर्धा तास त्या खुर्चीत बसून मी हेच बघत होतो.

मग ती ओळ पुसून टाकली आणि मशीन पुन्हा चालू केलं. मोडेम आता परत मुकं आहे. व्यवस्थापकाला काही कळलेलं नाही.

संध्याकाळी मोतीलालभाऊंना फोन केला. सांगितलं, मला हे येत नाही. जळगावचंही मी केलेलं नव्हतं, ते पत्र त्या माणसाने मला मान द्यायचा म्हणून लिहिलं होतं. ते चिडले, चिडणारच. बरंच बोलून झाल्यावर विचारलं, मग आता हे करणार कोण? मी म्हणालो, लीलाधरराव करतील, पण कायमचा हुकूम हातात पडल्याशिवाय ते सावद्याला पाऊल टाकणार नाहीत, त्यांनी मला तसं स्पष्ट लिहून कळवलंय. तुम्ही असं काही लिहिलेलं नाही हे मला माहीत आहे. तुम्हाला हे सुचलंही नसतं. हुकूम शनिवारी टाइप होईल, हातात घेऊन नीट वाचा, सही आणि शिक्का बघा, आणि सोमवारी पहिल्या बसने या. कुंदाला सांगा, खोली सोडू नका.

मी सोमवारी इथे नसेन, रविवारीच धुळ्याला निघतो. गिरणीचं जे व्हायचं ते होईल. तुम्ही सगळ्यांसमोर ती ओळ टाइप कराल, भाव उतरतील, मोतीलालभाऊ तुमची पाठ थोपटतील, आणि ते मला बघवणार नाही. पोटात दुखतंच आहे, तुमच्याशी आता खोटं कशाला बोलू. तरी तुम्ही या.

पितांबर